ऊसतोडीवरून आल्यापासून वहिनीची झोप गेली, बोलणं बंद झालं: गोळीच्या आधी उचलीचा हिशेब विचारा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. भाऊ आणि वहिनी बीडकडून दर साली कोल्हापूर भागात ऊसतोडीला जातात. यंदा एप्रिलात परत आल्यापासून वहिनी रात्रभर जागी असते, जेवण तुटलंय, लेकरांवर एकदम खेकसते नाहीतर दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहते, डोक्यात मुंग्या चालल्यासारखं होतंय म्हणते. घरचे म्हणतात बाहेरचं आहे, एकदा देवऋषीकडं नेऊन आणलं. मेडिकलवाल्यानं झोपेच्या गोळ्या दिल्या, चार दिवस बरं वाटलं, मग परत तेच. मागच्या सालच्या उचलीतले, म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेल्या पैशातले, ४०,००० अजून अंगावर आहेत, दसऱ्यानंतर परत जायचंय, तर तोपर्यंत बरी होईल का. आणि अगदी शेवटच्या ओळीत जाता जाता तुम्ही लिहिलंय की जानेवारीत फडातच, उसाच्या शेतातच, तिचं पोट पडलं होतं, चौथा महिना होता.

मी सायकियाट्रिस्ट आहे, मराठवाड्यात तालुक्याच्या ओपीडीत बसून १८ वर्षं झाली. न बघता निदान सांगणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय तसं मी दर मे महिन्यात इतक्या वेळा ऐकतो की काय विचारायचं आणि काय करायचं हे तरी नक्की सांगू शकतो.

पहिलं म्हणजे ती शेवटची ओळ. ती पहिली ओळ असायला हवी होती. तुमच्यावर राग नाही, सगळीच माणसं तसंच सांगतात, आधी डोक्यातल्या मुंग्या, मग झोप, मग चक्कर, मग पित्त, आणि उठून दारापर्यंत गेल्यावर परत वळून "डॉक्टर, ते एक राहिलंच". वहिनी किती दिवसांनी परत कामाला लागली ते तुम्ही लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे चार-पाच दिवसांनी, कारण कोयता म्हणजे जोडी, एक जण बसला की दुसऱ्याचंही काम अडतं, आणि खाडा पडला की मुकादम दिवसाचे ५०० ते १,००० कापतो. म्हणजे रक्त जात असताना बाई वाकून ऊस तोडतेय, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढतेय, आणि गेलेल्या जीवाबद्दल कुणी एक शब्द बोललेलं नाही. गावाकडं असती तर आई आली असती, चार बाया येऊन बसल्या असत्या, रडणं झालं असतं. तिकडं रडायला जागाच नाही हो. कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, वाकून शिरायचं, आत चूल, अंथरूण, लेकरं, आणि पलीकडं हातभरावर दुसऱ्याची कोपी, सगळं ऐकू जातं. मग ते रडणं एप्रिलात घरी आल्यावर बाहेर पडतं, आणि तोवर बाकीचे ते विसरून गेलेले असतात, म्हणून त्यांना वाटतं हे अचानक कुठनं आलं, बाहेरचंच असणार.

तर आधी कुणीतरी, शक्यतो बाईनं, तिच्याजवळ बसून नुसतं एवढं म्हणावं की जानेवारीत तुझं लेकरू गेलं ते आम्ही कुणी विचारलंच नाही. बास. उपदेश नको, "देवाची मर्जी" नको, "अजून होतील" तर अजिबात नको. आणि शरीराची तपासणी करून घ्या, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड दोन्ही, कारण रक्त कमी असलेल्या आणि थायरॉइड बिघडलेल्या बाईची लक्षणं डिप्रेशनसारखीच दिसतात, गळून जाणं, धडधड, झोप बिघडणं. ऊसतोडीवरून आलेली बाई आणि हिमोग्लोबिन ७ किंवा ८, हे मी इतक्यांदा बघतो की आता रिपोर्ट यायच्या आधीच लोहाच्या गोळ्या मनात लिहून ठेवलेल्या असतात.

आता उचल. माझ्याकडं येणारे ज्युनियर डॉक्टर विचारतात सर तुम्ही पेशंटला पैशाचं का विचारत बसता. कारण यातल्या अर्ध्या आजाराचं वेळापत्रक उचलीवर चालतं. कसं ते सांगतो. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, पेरणी, दवाखाना, लग्न, जुनं देणं, त्यावेळी मुकादम उचल देतो, जोडीला ५० हजार, लाख, त्याच्याही वर. मग दसरा-दिवाळीनंतर निघायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत टनावर ती उचल फेडायची. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले हे खरं, पण टन किती पडले, खाडे किती लावले, आजारपणात मुकादमानं किती दिले, हे सगळं मुकादमाच्या वहीत असतं आणि ती वही मजुराला वाचता येत नाही किंवा दाखवतच नाहीत. हंगामभर आठवड्याचा बाजार वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चारा म्हणून विकून होतो, रोख हातात काही येत नाही. आणि शेवटी हिशेब होतो तेव्हा कळतं की सहा महिने मरमर करून अजून ४०,००० अंगावर आहेत. तुमचा भाऊ आणि वहिनी ते ४०,००० घेऊनच घरी आलेत. म्हणजे पुढचा हंगाम बांधला गेला, ती अजून मागच्यातनं बाहेर पडली नसताना.

म्हणून गर्दी मे-जूनमध्ये. फडात माणूस कोसळत नाही, फडात कोसळायला परवानगीच नसते. घरी आल्यावर कोसळतो. ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी लाट, उचल वाटली जाते तेव्हा, त्यावेळी पुरुषांची दारू आणि घरातली मारहाण वाढते, आणि पोरींची लग्नंही त्याच सुमारास घाईनं उरकतात, कारण वयात आलेली पोर कोपीवर न्यायची भीती आणि गावात म्हाताऱ्यांजवळ ठेवायचीही भीती. आणि नोव्हेंबर ते मार्च माझी ओपीडी रिकामी. पहिल्या वर्षी मी खूश झालो होतो, वाटलं पेशंट बरे झाले! मग कंपाउंडरनं सांगितलं साहेब ते सगळे तोडीला गेलेत. गोळ्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपल्या होत्या त्यांच्या. राहिले होते ते म्हातारे-म्हातारी आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं, त्यांची दुखणी वेगळीच, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आता तुम्हाला लगेच ठरवायची गोष्ट. तुम्ही लिहिलंय त्यावरनं या सालची नवीन उचल अजून घेतलेली नाही, फक्त जुनी बाकी आहे. हे फार चांगलं आहे. नवीन उचल घ्यायच्या आधी वहिनीला दाखवा आणि निदान ६ ते ८ आठवडे उपचार होऊ द्या, मग ठरवा पूर्ण कोयता जायचा की अर्धा. भाऊ एकटा अर्ध्या कोयत्यावर जाऊ शकतो, किंवा नात्यातल्या कुणाबरोबर जोडी लावू शकतो, पैसे कमी मिळतील, बाकी हळू फिटेल, पण एकदा पूर्ण कोयत्याचे लाखभर घेतले आणि खर्च झाले की मग डॉक्टर काहीही म्हणू दे, तिला जावंच लागतं. मुकादमाला आजाराचं नाव सांगायची काही गरज नाही, "अंगात रक्त नाही, डॉक्टरनं जड काम बंद सांगितलंय" एवढं पुरे, आणि ते खोटंही नसतं. तसा मी चिठ्ठीवर लिहूनही देतो.

मुकादम धमकी देत असेल, माणूस उचलून नेऊ, जनावर सोडून नेऊ वगैरे, तर एक माहिती असू द्या. उचलीच्या नावाखाली माणसाला जबरदस्तीनं कामाला जुंपणं हे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसतं आणि तक्रार जिल्हाधिकारी, तहसीलदार यांच्याकडं करता येते. मी वकील नाही, आणि गावात राहून मुकादमाशी उघड भांडण घेणं किती अवघड आहे हेही मला माहितीय, बऱ्याचदा मुकादम आपल्याच भावकीतला असतो आणि तोही कारखान्याच्या पैशात अडकलेला असतो. पण कायदा आहे एवढं कळलं तरी माणसाची मान जरा वर होते, हे मी खोलीत बसून बघितलंय.

औषधाकडं येतो. मेडिकलवाल्यानं दिलेल्या झोपेच्या गोळ्या बहुतेक अल्प्राझोलाम जातीच्या असणार. त्या लागलीच गुण देतात आणि तिथंच घोळ होतो, काही आठवड्यांत सवय लागते, मग गोळी नसेल त्या रात्री आधीपेक्षा वाईट. घेऊन बरेच दिवस झाले असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरच्या सांगण्यानं हळूहळू कमी करा. डिप्रेशनवरच्या खऱ्या गोळ्या उलट्या स्वभावाच्या असतात, पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी, फायदा काहीच नाही, आणि गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. नेमकं पहिल्या आठवड्यातच लोक सोडतात. आणि बरं वाटायला लागल्यावरही पुढं ६ ते ९ महिने घ्याव्या लागतात. मोजा आता, जूनमध्ये सुरू केल्या तर त्या पार जानेवारी-मार्चपर्यंत जातात, म्हणजे ऐन हंगामात! हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर सगळं मुसळ केरात.

इथं माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला झोप लागत नाही म्हणून मी रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन लिहिली, पुस्तकाप्रमाणं बरोबर. ती हंगामाला गेली. तिकडं रात्री ११ ला ट्रक लागायचा, भराई करून १ वाजता आडवी, आणि ४ ला परत उठून फडात. ती गोळी सकाळी उशिरापर्यंत डोक्यात राहते. मे महिन्यात ती आली आणि काही न बोलता लुगडं जरा वर करून नडगी दाखवली, घोट्याच्या वर चार बोटं लांब कोयत्याचा वण. "झापड होती डोळ्यावर," एवढंच म्हणाली, तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून. तेव्हापासून ऊसतोडवाल्या पेशंटला मी आधी विचारतो उठता किती वाजता, भराई रात्री असते का, आणि शक्य तिथं सकाळी घ्यायची, झापड न आणणारी गोळी निवडतो, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन अशी. तुमच्या वहिनीला कुठली द्यायची हे बघणारा डॉक्टर ठरवेल, पण तिच्या कामाच्या वेळा त्याला तुम्ही सांगा, तो आपणहून विचारेल असं धरून चालू नका.

अजून एक, जे ओपीडीच्या गडबडीत राहून जातं. तोडीवर माणसं अंगदुखीसाठी रोज ब्रुफेन, डायक्लोफिनॅक खातात, शेंगदाण्यासारखी. ज्याला मूडच्या मोठ्या आजारासाठी लिथियम चालू आहे त्याच्यासाठी हे धोक्याचं आहे, दुखण्याच्या या गोळ्यांनी आणि उन्हात पाणी-मीठ कमी पडल्यानं रक्तातलं लिथियम वाढतं, हात थरथरतात, जुलाब, तोल जातो, बोलणं जड होतं, आणि लोकांना वाटतं दारू प्यायलाय. असं झालं की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना. साध्या डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबरही रोजची पेनकिलर पोटात रक्तस्राव करू शकते, पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी. आणि स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या, त्याबरोबर दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल, यांनी घाम कमी येतो, उष्णता अंगात साठते, मार्चच्या उन्हात फडात त्या माणसाला उन्हाचा झटका लवकर बसतो. त्याला डोक्याला ओलं फडकं आणि तासाला पाणी हवंच हवं.

वहिनीला अजून एक नक्की विचारा, पिशवीचं, म्हणजे गर्भाशय काढायचं, ऑपरेशन झालंय का किंवा कुणी करायला सांगितलंय का. २०१९ साली बीडमधलं हे प्रकरण देशभर गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यावर कारणं, आरोप, राजकारण भरपूर झालं, पण माझ्या खुर्चीतनं दिसणारी गोष्ट कमी बोलली गेली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर तिशीतल्या बाईची पाळी नुसती थांबत नाही, पन्नाशीचं शरीर एका रात्रीत अंगावर येतं, अंगातनं वाफा, रात्री घामानं जाग, चिडचिड, रडू, हाडं दुखणं. तिला नुसती डिप्रेशनची गोळी देऊन भागत नाही, बायकांच्या डॉक्टरकडंही पाठवावं लागतं. म्हणून जुने कागद आणा म्हणून मी हट्ट करतो. आणि पोट पडल्यानंतर अंगावरून जाणं अजून चालू असेल तर कुणीतरी "पिशवी काढून टाका" म्हणेल, तेव्हा सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, सरकारी दवाखान्यातलं घ्या.

भावाची झोप, दारू याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. पुरुष स्वतःहून येत नाहीत, त्यांचं दुखणं दारूच्या नावावर खपतं. रोज पिणाऱ्याची कुणीतरी शपथ घालून एकदम सोडवली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट, भ्रम असं होऊ शकतं आणि ते जीवावर बेततं, म्हणून सोडवायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यालाही बरोबर घेऊन या. लेकरू त्याचंही होतं.

देवऋषीबद्दल. मी भांडत नाही. नारळ फोडा, गंडा बांधा, माझी हरकत नाही, मनाला धीर येत असेल तर येऊ दे. पण मारणं, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं यातलं काहीही नको, महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, आणि "डॉक्टरची गोळी बंद केली तरच गुण येईल" असं जो म्हणेल त्याच्याकडं परत जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात उशीर नको. तिला सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे, उलट विचारल्यावर बहुतेक बाया रडतात आणि मोकळ्या होतात. हो म्हणाली, किंवा गप्प राहिली तरी, तिला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं आजच्या आज दुसरीकडं हलवा, झोपेच्या गोळ्यांचं पाकीट तुमच्याजवळ ठेवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस, १४४१६, फोन फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे.

दाखवायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेज आहे, तुम्हाला जवळ पडेल ते. फोनवर उपचार होतील का विचारलंत, पहिली भेट समोरासमोर व्हावी, पुढचं बरंचसं फोनवर चालतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या मानसिक आजाराच्या दर दहा पेशंटपैकी आठाहून जास्त उपचाराविना निघाले होते, आणि ते घर असलेल्या, पत्ता असलेल्या लोकांचे आकडे आहेत. जो सहा महिने फडात असतो त्याच्या दारावर कुणी पाहणीवाला जाणार कधी?

आणि शेवटी दोघं जायचेच ठरलं तर, सप्टेंबरातच डॉक्टरला सांगा की आम्ही चाललोय. जितक्या दिवसांच्या मिळतील तितक्या गोळ्या घ्या, सरकारी ओपीडीत बऱ्याचदा महिन्याच्याच देतात, मग चिठ्ठीवर गोळीचं मूळ नाव, डोस आणि किती महिने चालू ठेवायची हे स्वच्छ अक्षरात लिहून मागा, म्हणजे कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा तिथल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवता येईल. गोपीनाथ मुंडे महामंडळाचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढलं नसेल तर काढून घ्या, आणि लेकरांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहाची चौकशी करा, लेकरं कुठं ठेवायची ही काळजीच बायांची निम्मी झोप खाते. टोळीतल्या एका भरवशाच्या बाईला सांगून ठेवा की ही जेवत नाही, बोलत नाही असं दिसलं की मला फोन कर, नवऱ्याच्या ते फार उशिरा लक्षात येतं. गोळ्या कॅरीबॅगेत नको, झाकणाच्या डब्यात, कोपीत ओल असते आणि उंदीर असतात. फाइलमधल्या प्रत्येक कागदाचा फोटो तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर ठेवा, त्यांचा फोन ट्रॅक्टरवर चार्जिंगला लावलेला असतो आणि निम्मा वेळ बंद लागतो.

येताना वहिनीला पुढं बसवा, तुम्ही मागं. आणि पहिली पाच मिनिटं तुम्ही कुणी तिच्या वतीनं बोलू नका.